मनगटावरचे घड्याळ आणि मनगटातली नाडी

आमच्या माहुरातले एक निवृत्त गुरुजी गेली कित्येक वर्षे दर मंगळवारी रेणुकामातेच्या पायऱ्या चढून दर्शनाला जातात. वय अडुसष्ट. रक्तदाबाची गोळी चालू आहे, बाकी प्रकृती काटक. मागच्या दिवाळीला पुण्याच्या मुलाने त्यांना हृदयाचे ठोके, पावले आणि झोप मोजणारे घड्याळ आणून दिले. तेव्हापासून गुरुजींना भेटणाऱ्या प्रत्येकाला आधी आकडे ऐकावे लागत आणि मग चहा मिळे.

पौषातल्या एका मंगळवारी निम्म्या पायऱ्या चढल्यावर गुरुजींची छाती जड झाली. डाव्या जबड्यापर्यंत ओढ लागली आणि कडाक्याच्या थंडीत सदरा घामाने भिजला. त्यांनी मनगट वळवून पाहिले. ८४ ठोके, शेजारी हिरवी खूण. "घड्याळ तर ठीक म्हणतंय," असे स्वतःशीच म्हणून ते आणखी दहा-बारा पायऱ्या चढले. तिथे ओटीचे सामान विकणाऱ्या बाईने त्यांना हटकले, "गुरुजी, बसा ना हो जरा. एवढ्या थंडीत घाम काहून आला?" तिने त्यांना खाली बसवले आणि पोराला पळत माझ्याकडे पाठवले. ईसीजीत बदल स्पष्ट दिसत होते. पहिले औषध देऊन १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेतून त्यांना शंभरावर किलोमीटर दूर नांदेडला हलवले. हृदयाची एक रक्तवाहिनी फार अरुंद झाली होती. ती वेळेत उघडली म्हणून गुरुजी आज आपल्यात आहेत.

वाचकहो, या प्रसंगात घड्याळ खोटे बोलले काय? मुळीच नाही. ठोके खरोखरच ८४ च्या आसपास असणार, कारण गुरुजी घेत असलेली मेटोप्रोलॉलची गोळी नाडी वाढू देत नाही. ते औषधाचे कामच आहे. घड्याळाला ना गोळीची माहिती होती, ना रक्तवाहिनीची. त्याला फक्त ठोके मोजता येत होते. "तुम्ही ठीक आहात" असे ते म्हणालेच नव्हते, ते गुरुजींनी त्या हिरव्या खुणेत वाचले.

गुरुजींची ही हकिकत माहुरात पसरली आणि ज्याच्या-त्याच्या मनगटावरचे घड्याळ तक्रार घेऊन दवाखान्यात यायला लागले. म्हणून आजचा लेख या घड्याळांविषयी.

तऱ्हेतऱ्हेच्या तक्रारी

एसटीचे एक चालक आले. म्हणाले, "डॉक्टर, मी दिवसभर स्टीअरिंगवर बसून असतो आणि हे घड्याळ संध्याकाळी आठ-नऊ हजार पावलं झाली म्हणतं. बायको म्हणते, मग पोट का उतरत नाही?"

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या एका मुलीला तिची आई घेऊन आली. मुलगी सावकाश धावत असली तरी घड्याळ पावणेदोनशेच्या वर ठोके दाखवी आणि वर इशाऱ्याची थरथर देई. घाबरून आईने पंधरा दिवस तिचे मैदान बंद केले होते. मी तिला तपासले, ईसीजी काढला. सारे व्यवस्थित होते. भरती तोंडावर असताना पंधरा दिवसांचा सराव मात्र वाया गेला होता.

आणखीही आले. कुणाच्या घड्याळाने टीव्हीसमोर बसलेला वेळ झोपेत धरला. कुणाच्या मनगटावर पट्ट्याखाली चट्टा उठला. घरच्या मोबाईलमध्ये नवी आज्ञावली भरल्यापासून जुने आकडेच गायब झाले, असे एकजण म्हणाले. आणि जवळजवळ प्रत्येकाचे एक वाक्य समान होते, "दुकानदार म्हणतो कंपनीला विचारा, कंपनीचा फोन कुणी उचलत नाही."

एक जण चुकीच्या धीरामुळे पायऱ्या चढत राहिला आणि एक मुलगी चुकीच्या भीतीमुळे घरी बसली. यंत्र दोघांच्याही मनगटावर होते. तेव्हा हे यंत्र काय करते आणि काय करत नाही, हे समजून घेतले पाहिजे.

घड्याळ मोजते तरी काय?

घड्याळ आणि नाडी यांची गाठ फार जुनी आहे. इंग्लंडमधील सर जॉन फ्लॉयर या वैद्याने १७०७ साली नाडी मोजण्यासाठी मुद्दाम एक मिनिट चालणारे घड्याळ करवून घेतले होते. आपल्याकडे शार्ङ्गधर संहितेत नाडीच्या चालीला सर्पाची, बेडकाची, हंसाची उपमा दिली आहे. वैद्याची बोटे चाल ओळखत. फ्लॉयरने त्या नाडीला मिनिटाचे माप लावले.

आजच्या घड्याळाच्या पाठीला हिरवा दिवा असतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. ठोक्यागणिक कातडीखाली रक्ताची लाट येते आणि परत फिरणारा प्रकाश कमी-जास्त होतो. ही चढउतार मोजून घड्याळ ठोक्यांचा अंदाज बांधते. थंडीत हाताच्या रक्तवाहिन्या आकसतात, पट्टा सैल असला तर बाहेरचा उजेड आत शिरतो, गोंदण दाट असेल तर प्रकाश अडतो. अशा वेळी अंदाज चुकतो. धावताना आणखी एक घोळ होतो. हाताचा झोकाही प्रकाशात चढउतार घडवतो, आणि घड्याळ ठोके समजून चक्क पावले मोजत बसते.

पावले मोजण्याचे काम आत बसवलेला हालचाल टिपणारा छोटा भाग करतो. त्याला पाय दिसत नाहीत, हाताचा झोका तेवढा कळतो. घाटातल्या रस्त्यावर गाडीचे धक्के बसले तरी त्याला पावलेच वाटतात, आणि डोक्यावर हंडा धरून चाललेल्या बाईचा हात हलत नाही म्हणून तिची पावले हुकतात. आपल्या ग्रामीण भगिनींची मेहनत या यंत्राच्या हिशेबात पुरती येत नाही ती अशी!

अंतर मोजणारी घड्याळे सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे संदेश पकडतात. नागरी वापराच्या संदेशात अमेरिकेने मुद्दाम ठेवलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकली, त्यानंतर ही मोजणी पुष्कळ सुधारली. तरीही घड्याळ ठराविक काळाने एकेक ठिकाण टिपते आणि ते टिंब सरळ रेषेने जोडते. टिंब थोडे इकडेतिकडे पडले की अंतर फुगते, वळणे कापली गेली की घटते. माहूर-किनवटच्या सागवानी रानात, डोंगराच्या कुशीत, संदेश अडून-अडून पोचतात. सरळ लांब रस्त्यावर बरोबर चालणारे घड्याळ इथे चुकले तर नवल नाही.

आणि जळालेल्या उष्मांकांचा, म्हणजे कॅलरींचा, आकडा? तो मोजलेला नसतोच. वय, वजन, ठोके आणि हालचाल यांवरून केलेला तो हिशेब असतो. त्याच्या भरवशावर जिलेबीची दुसरी प्लेट मागवू नये.

दहा हजार पावलांचेही तेच. हा आकडा वैद्यकशास्त्राच्या पोथीतला नाही. १९६५ साली जपानमध्ये यामासा कंपनीने जे पाऊलमोजक यंत्र विक्रीला आणले, त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावले मोजणारे' असा होता. २०१९ साली अमेरिकेत सोळा हजारांवर वयस्क स्त्रियांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात रोज ४,४०० पावले चालणाऱ्यांचे मृत्यूचे प्रमाणही २,७०० च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा बरेच कमी आढळले, आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा फारसा वाढला नाही. तेव्हा दहा हजार झाली नाहीत म्हणून रात्री अकराला अंगणात फेऱ्या मारण्याची गरज नाही.

पारखून पाहणारी माणसे

ही घड्याळे किती खरी, हे ठरवले कुणी? सामान्य स्वयंसेवकांनी. ही माणसे पट्ट्यावर धावली, अंगाला तारा लावून घेतल्या आणि चार घड्याळे हातात बांधून घाम गाळला.

अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये ५० निरोगी स्वयंसेवकांना चालत्या पट्ट्यावर धावायला लावून मनगटाची चार यंत्रे ईसीजीशी ताडून पाहिली. २०१६ साली निष्कर्ष जाहीर झाला. छातीला बांधायचा पट्टा ईसीजीशी जवळजवळ तंतोतंत जुळला, मनगटाची यंत्रे मागे राहिली. छातीच्या पट्ट्याचे हे तंत्र फिनलंडच्या पोलर कंपनीने १९८२ सालापासून खेळाडूंच्या हाती दिले आहे, आणि आजही गंभीर सराव करणारे तोच वापरतात.

२०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६० स्वयंसेवकांवर सात यंत्रे तपासली. ठोक्यांच्या बाबतीत सातांपैकी सहा यंत्रांची चूक ५ टक्क्यांच्या आत राहिली. कॅलरींत मात्र सर्वांत चांगले यंत्रही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. २०२० साली ड्यूक विद्यापीठाने निरनिराळ्या वर्णाच्या ५३ जणांवर प्रयोग केला. ठोक्यांच्या अचूकतेत कातडीच्या रंगाने लक्षणीय फरक आढळला नाही, पण विश्रांतीच्या मानाने हालचालीत चूक सुमारे ३० टक्क्यांनी वाढली. हाच आपल्या भरतीच्या मुलीचा अनुभव.

सर्वांत मोठी चाचणी ॲपलच्या घड्याळाची. तीत ४,१९,२९७ लोक स्वेच्छेने सामील झाले. हृदयाची लय अनियमित वाटते, असा इशारा त्यांपैकी फक्त २,१६१ जणांना मिळाला. त्यांना छातीला चिकटवायची ईसीजीची पट्टी पाठवण्यात आली. पट्टी वापरून परत पाठवणाऱ्या ४५० जणांपैकी सुमारे एकतृतीयांश लोकांत त्या काळात लयीचा विकार प्रत्यक्ष नोंदला गेला. अर्थ असा की इशारा मिळाला म्हणजे रोग ठरला असे नाही आणि तो उडवून लावावा असेही नाही. ईसीजी काढून घ्यावा, एवढाच त्याचा अर्थ.

तक्रारींचेही असेच आहे. २०१४ साली फिटबिटच्या 'फोर्स' या पट्ट्याने कातडीला खाज व चट्टे येतात, असे लोकांनी कळवले आणि कंपनीने तो परत मागवला. २०१६ साली फाजील तापणारे बेसिस कंपनीचे 'पीक' घड्याळ परत घेण्यात आले. २०२२ साली फिटबिटचे 'आयोनिक' बॅटरी तापून भाजल्याच्या तक्रारींवरून परत मागवण्यात आले. लोक नुसते चिडून गप्प बसले असते तर ही घड्याळे आजही कुणाचे मनगट भाजत राहिली असती.

एक उदाहरण तर मोठे मासलेवाईक आहे. २०१२ साली 'पेबल' नावाच्या घड्याळासाठी जवळपास ६९ हजार लोकांनी माल तयार होण्याआधीच पैसे दिले. २०१६ च्या अखेरीस कंपनी बंद पडली. तेव्हा ते वापरणाऱ्यांनीच एकत्र येऊन, पदरचा वेळ घालून, त्या घड्याळाच्या सेवा चालू ठेवल्या. ज्यांची तक्रार होती तेच दुरुस्तीला बसले.

आपल्या दारातला अनुभव

हे सारे परदेशातले, असे म्हणू नका. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम काढली. आशा कार्यकर्त्या आणि गावोगावचे स्वयंसेवक ऑक्सिमीटर घेऊन घरोघर फिरले. बोटाला लावायचे ते छोटे यंत्र मनगटी घड्याळाचेच भावंड. प्रकाशाने ठोके आणि रक्तातला प्राणवायू मोजायचा, ही युक्ती १९७० च्या दशकात जपानच्या ताकुओ आओयागी यांनी शोधली.

बोट थंड असेल, नखाला गडद रंग असेल, हात थरथरत असेल तर आकडा भलताच येतो. मग बोट चोळायचे, दुसरे बोट घ्यायचे, मिनिटभर थांबायचे आणि आकड्याबरोबर माणसाचा श्वासही पाहायचा. यंत्र लावणाऱ्या प्रत्येकाला हे शिकावे लागते. २०२० च्याच डिसेंबरात अमेरिकेतील एका अभ्यासाने दाखवून दिले की कृष्णवर्णीय रुग्णांत बोटाचे यंत्र प्राणवायूची घट गोऱ्या रुग्णांच्या सुमारे तिप्पट वेळा लपवते. म्हणून सावळ्या वर्णाच्या माणसाला धाप लागलेली असताना यंत्र ९४ दाखवते, एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

मैदानावरचा रविवार

आमच्या त्या सर्व तक्रारदारांना मी एका रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर बोलावले. पीटीचे सर टेप आणि चुना घेऊन आले. टेपने मोजून २०० मीटरचा फेरा आखला. ही काही शास्त्रीय चाचणी नव्हे. आपापले घड्याळ आपण ओळखावे, एवढाच हेतू.

पहिला मान चालकदादांचा. त्यांनी मोठ्याने मोजत ५०० पावले टाकली. घड्याळाने ४८९ दाखवली. म्हणजे चालण्याच्या बाबतीत घड्याळ प्रामाणिक! गोंधळ होता तो गाडीतला. दादांना सांगितले, ड्यूटीवर घड्याळ खिशात नको, घरी ठेवा, आणि सकाळ-संध्याकाळच्या चालण्यापुरते बांधा.

नंतर गुरुजींच्या घरच्या काकू पुढे आल्या. हात मोकळा सोडून २०० पावले चालल्या, तेव्हा १९६ भरली. मग डोक्यावर कळशी धरून तेवढीच चालल्या, तेव्हा साठ-पासष्ट. काकू हसून म्हणाल्या, "म्हणजे जड काम केलं की मजुरी कमी! हे घड्याळ कोण्या मुकादमाचं दिसतं."

मग ती मुलगी. सावकाश दहा मिनिटे धावली. घड्याळ १७७ दाखवत होते. थांबताक्षणी मी तिची नाडी धरली. पंधरा सेकंदांत ३६, म्हणजे मिनिटाला १४४. तिकडे सरांनी तिचा उजवा पाय अर्ध्या मिनिटात किती वेळा पडतो ते मोजले होते. ४४ वेळा. दोन्ही पाय धरून मिनिटाला १७६ पावले. घड्याळ हृदय नव्हे, पाय मोजत होते! आईचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर, घट्ट बांधून पुन्हा धावायला लावले, तेव्हा तेच घड्याळ १४८ वर आले.

खरी गंमत पुढे झाली. भरतीच्या शारीरिक चाचणीत ५० गुण असतात आणि मुलींच्या ८०० मीटर धावण्याला त्यांपैकी २०. ही मुलगी रोज घड्याळाच्या अंतरावर ८०० मीटर धावत असे. आम्ही तिला चुन्याच्या फेऱ्यावर सोडले. चौथ्या फेरीत घड्याळ "८०० झाले" म्हणून थरथरले तेव्हा शेवटची रेघ सुमारे तीस मीटर पुढे होती. तीन वेळा पळवले, तिन्ही वेळा घड्याळ आधीच थांबले. तीस मीटर म्हणजे तिच्या वेगाने सहा-साडेसहा सेकंद.

"डॉक्टरकाका, म्हणजे मी रोज थोडं कमीच पळत होते की!" ती म्हणाली. डोळ्यांत पाणी आले होते. सर म्हणाले, "बरं झालं, आज कळलं. भरतीच्या दिवशी कळलं असतं तर?" आता ती चुन्याच्या रेघेवर सराव करते. घड्याळ फक्त वेळ पाहण्यासाठी हातात असते.

आपल्या मराठवाड्याच्याच बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटर दूरच्या शाळेत पायी जा-ये करी. त्याच अविनाशने २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवले. पाय आणि दम आधी, मोजमाप नंतर. पण मोजमाप करायचेच तर ते खरे हवे.

घरच्या घरी कसे तपासाल?

१. नाडी मोजायला शिका. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या आतल्या बाजूला दोन बोटे हलकी टेकवा. आपला अंगठा वापरू नका, त्याची स्वतःचीच नाडी जाणवते. पाच मिनिटे स्वस्थ बसून पूर्ण मिनिटभर मोजा आणि त्याच वेळी घड्याळाचा आकडा लिहा. असे तीन दिवस करा.

२. व्यायाम थांबवताक्षणी पंधरा सेकंद मोजून चारने गुणा. उशीर करू नका, निरोगी माणसाची नाडी थांबल्यावर झपाट्याने उतरते. या पद्धतीत चार-सहा ठोक्यांचा फरक पडणारच, तो दोष समजू नये.

३. ५०० पावले मोठ्याने मोजत चाला. दहा-पंधरा पावलांची तफावत सोडून द्या.

४. अंतर टेपने मोजलेल्या मैदानावर ताडून पाहा. एकदा नव्हे, निदान तीनदा.

५. पट्टा घट्ट हवा, पण रक्त अडेल इतका नको. हिवाळ्यात आधी दहा मिनिटे अंग गरम करा. व्यायामानंतर घड्याळ काढून मनगट आणि पट्टा धुऊन कोरडे करा. बहुतेक चट्टे अडकलेल्या घामाचे आणि साबणाचे असतात. तरीही चट्टा राहिला तर ते घड्याळ वापरू नका.

६. '२२० वजा वय' हे जास्तीत जास्त ठोक्यांचे सूत्र ढोबळ आहे. दहा-बारा ठोके इकडेतिकडे सहज असतात. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना तर ते लागूच पडत नाही. त्यांनी किती श्रम करावेत हे डॉक्टरांना विचारावे. घड्याळ दम लागलेला दाखवत नाही म्हणून गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

मधुमेहींना एक वेगळी सूचना. सुई न टोचता साखर मोजतो, असा दावा करणारी घड्याळे बाजारात येतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट बजावले की असे एकही घड्याळ वा अंगठी त्यांनी मान्य केलेली नाही. अशा आकड्यावर इन्सुलिन कमी-जास्त करणे जिवावर बेतू शकते.

तक्रार करा, पण मोजून करा

"घड्याळ बेकार आहे" असे दुकानात ओरडून काही हाती लागत नाही. रुग्ण "मला बरं वाटत नाही" एवढेच म्हणाला तर डॉक्टर तरी काय करणार? कुठे दुखते, कधीपासून, कशाने वाढते, हे सांगावे लागते. घड्याळाचेही तसेच. कोणत्या दिवशी, काय करताना, पट्टा कसा होता, घड्याळाने काय दाखवले, बोटाने मोजले तेव्हा काय आले आणि असे किती वेळा झाले, हे वहीत लिहा. आकड्यांचे फोटो ठेवा. पावती आणि खोके जपा. अशी लेखी तक्रार आधी दुकानदाराकडे आणि कंपनीकडे द्या.

दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याचा हक्क दिला आहे. वस्तू मुंबईहून मागवली असली तरी मुंबईला खेटे घालण्याचे कारण नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. महाराष्ट्राला ही परंपरा नवी नाही. मुंबई ग्राहक पंचायतीचे काम १९७५ पासून स्वयंसेवकांच्याच बळावर चालत आले आहे. वहीत नीट नोंद करून तक्रार देणारा माणूस हा क्लीव्हलँडच्या त्या पन्नास जणांइतकाच स्वयंसेवक असतो. त्याच्या नोंदीचा उपयोग पुढच्या गिऱ्हाइकाला होतो.

घड्याळ बाजूला कधी ठेवावे?

छातीत दाब, जडपणा किंवा जळजळ, डाव्या हाताकडे, पाठीकडे वा जबड्याकडे जाणारी ओढ, कारण नसताना सुटलेला घाम, नेहमीच्या चालीत अचानक लागणारी धाप, डोळ्यांपुढे अंधारी. यांपैकी काहीही झाले तर मनगटाकडे पाहू नका. जागच्या जागी बसा, हाक मारा, १०८ लावा. स्त्रियांत आणि मधुमेहींत छातीत न दुखता नुसती मळमळ, थकवा किंवा धापही असू शकते. घड्याळ काहीही म्हणो, शरीर ओरडून सांगत असेल तर शरीराचे ऐकावे. आणि घड्याळ वारंवार अनियमित लयीचा इशारा देत असेल तर काही त्रास नसला तरी एकदा ईसीजी काढून घ्यावा.

गुरुजी आता पुन्हा मंगळवारी दर्शनाला जातात. डॉक्टरांनी आखून दिले आहे तेवढेच चढतात, मध्ये चार ठिकाणी टेकतात. मनगटावर घड्याळ असते. परवा वाटेत त्यांना विचारले, "काय गुरुजी, आज किती ठोके?" त्यांनी घड्याळाकडे पाहिलेच नाही. ओटीवालीच्या दुकानाशी फळीवर बसले होते, तिथेच सरकून मला जागा करून दिली आणि म्हणाले, "ते नंतर. आधी ही बाई माझ्या तोंडाकडं बघून काय म्हणते ते ऐकतो, मग पुढं चढतो."